आधी टायर, मग शॉक, स्प्रिंग सगळ्यात शेवटी: जुन्या एमजीबीचं सस्पेन्शन

प्रश्न थोडक्यात असा: १९७२ ची एमजीबी रोडस्टर (एमजी कंपनीची बिनछताची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार), क्रोम बंपरवाली, वळणावर होडीसारखी डुलते, खड्ड्यातून गेली की मागून धाडकन आवाज येतो, आणि आता लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली आणणारी), पॉलीयुरेथेन बुश (सांध्यांतले कडक प्लास्टिकचे बुश), जाड अँटी-रोल बार (वळणावर गाडी कमी कलावी म्हणून दोन चाकांना जोडणारी सळई) आणि टेलिस्कोपिक (नळीसारख्या) शॉकचं कन्व्हर्जन असं सगळं एकदम बसवायचंय, तर कुठलं किट घ्यावं.

सध्या कुठलंच घेऊ नका. किट वाईट असतात असं नाही, पण तुम्ही सांगितलेल्या दोन्ही तक्रारी थकलेल्या सस्पेन्शनच्या आहेत, मूळ डिझाइनच्या नाहीत, आणि थकलेल्या सांध्यांवर कडक स्प्रिंग बसवली की फक्त आवाज मोठा होतो. हे मी पुस्तकी सांगत नाहीये. बरीच वर्षं अशा गाड्यांच्या खाली झोपून काढलीत आणि माझ्या स्वतःच्या पहिल्या एमजीबीला मी हेच केलं होतं. एका शनिवार-रविवारात सगळं किट चढवलं, गाडी दोन इंच खाली आली, दिसायला काय झकास दिसत होती राव, शेजारचेही येऊन बघून गेले. पुढच्या आठवड्यात एका उजव्या वळणावर मध्येच एक उंचवटा आला, मागचा ॲक्सल बंप स्टॉपवर (ॲक्सल फार वर जाऊ नये म्हणून लावलेल्या रबरी ठोकळ्यावर) आपटला आणि गाडीचा मागचा भाग हातभर बाजूला सरकला. ताशी साठच्या आत होतो म्हणून निभावलं. नंतर सहा महिने एकेक पार्ट काढत बसलो तेव्हा कळलं की मूळ दुखणं काय होतं, तर एका शॉकमध्ये तेलच नव्हतं आणि टायर नऊ वर्षांचे होते. बास. एवढंच.

तर आधी गाडी काय आहे ते बघू. एमजीबी १९६२ ला आली आणि १९८० पर्यंत बनत राहिली, सगळी व्हर्जन धरून पाच लाखांहून जास्त बनल्या. पुढे कॉइल स्प्रिंग आणि विशबोन (चाक धरून ठेवणारे त्रिकोणी आर्म), पण वरचा विशबोन वेगळा नाही, लिव्हर आर्म शॉकचे (तेलाची डबी आणि बाहेर हात असलेल्या जुन्या शॉकचे) जे हात असतात तेच वरच्या विशबोनचं काम करतात. मागे सरळ ॲक्सल, दोन पाटे (लीफ स्प्रिंग) आणि परत लिव्हर आर्म शॉक. यात गुप्त तंत्र वगैरे काही नाही, साधं आहे पण बांधलेलं नीट आहे. १९७४ च्या शेवटी रबर बंपर आले तेव्हा नियमांत बसवायला गाडी इंच-दीड इंच वर उचलली, वर पुढचा अँटी-रोल बारही स्टँडर्डमधून काढला, आणि या गाडीच्या हँडलिंगची जी बदनामी आहे ती बरीचशी त्या मधल्या वर्षांतल्या गाड्यांची आहे. नंतर पुढे जाड आणि मागे पण बार देऊन त्यांनी ते सावरलं. तुमची १९७२ ची म्हणजे मूळ उंचीची, तिला खाली आणायची गरज मुळात कमी आहे हे लक्षात घ्या. पाटे बसले असतील तर मागून आधीच खाली आली असेल.

टायरपासून सुरुवात करा. साइडवॉलवर डॉट कोडच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तीनच आकडे दिसले तर टायर २००० च्या आधीचा आहे, तो काढून झाडाला झोका बांधायला वापरा. हौशी गाड्या वर्षाला हजार-दोन हजार किलोमीटर चालतात, त्यामुळे नक्षी नवीकोरी दिसते पण रबर लाकडासारखं झालेलं असतं, नखाने दाबून बघा. असे टायर काढून नवे घातले की निम्म्या लोकांचा सस्पेन्शन अपग्रेडचा विषयच संपतो, मी हे इतक्या वेळा बघितलंय की आता टायरची तारीख विचारल्याशिवाय मी पुढचं बोलतच नाही. साइज बदलताना मात्र गंमत करू नका. १६५/८० आर १४ टायरचा व्यास साधारण ६२० मिमी येतो, १८५/७० आर १४ चा ६१५, म्हणजे जवळजवळ तोच. पण १८५/६० घातला तर व्यास ५७८, म्हणजे गाडी २१ मिमी खाली गेली, गिअरिंग लहान झालं, स्पीडोमीटर सात टक्के जास्त दाखवायला लागला आणि खड्डे गिळणारी साइडवॉल गेली ती गेलीच. मग लोक म्हणतात स्प्रिंग कडक आहेत. रुंद टायरचं अजून एक, स्टीअरिंग जड होतं, आणि रिमचा ऑफसेट (ती किती आत-बाहेर बसते ते) चुकला तर मागच्या मडगार्डच्या कडेला घासतो, एमजीबीत मागे जागा फार कमी आहे.

मग जॅक लावा, खाली स्टँड ठेवा (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालू नका, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे घालतात) आणि पुढचं चाक वर-खाली धरून हलवा, बारा आणि सहा वाजता असतात तसे हात ठेवून. कटकट हललं तर कोणाला तरी आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. प्ले (ढिलेपणा) गायब झाला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन (चाक ज्याच्याभोवती वळतं ती खुंटी) किंवा आर्मचे बुश. नऊ आणि तीनवर हलवून टाय रॉड एंड आणि रॅक (स्टीअरिंगचे सांधे आणि दांडा) बघा. किंगपिनला प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निप्पल असतात आणि ग्रीस भरताना चाक हवेत लटकतं ठेवा, कारण गाडी जमिनीवर उभी असली की वजन ज्या बाजूने दाबतं त्या बाजूला ग्रीस शिरतच नाही, उलट्या बाजूने बाहेर येतं आणि आपल्याला वाटतं झालं काम. किंगपिन गेले असतील तर नवीन बुश बसवून रीमरने (भोक अचूक मापाला आणायच्या हत्याराने) साइजला आणावे लागतात, हे काम रीमर नसलेल्या माणसाने करू नये, सँडपेपर गुंडाळून तर अजिबात नाही. ट्रायम्फवाले वाचत असतील तर त्यांच्यासाठी, तुमच्या खालच्या ट्रनियनमध्ये (चाक वळवणाऱ्या खालच्या सांध्यात) ग्रीस नाही, ईपी ९० गिअर ऑइल जातं. ग्रीस मारून मारून सुकलेले आणि मग तुटलेले ट्रनियन मी पाहिलेत, चाक आडवं पडतं सरळ.

तुमचा मागचा धाडकन आवाज. माझा पहिला संशय शॉकच्या लिंकच्या (शॉकचा हात ॲक्सलला जोडणाऱ्या कांडीच्या) रबरांवर, दुसरा पाट्याच्या शॅकल बुशांवर (मागच्या टोकाच्या जोडपट्टीच्या बुशांवर), तिसरा बंप स्टॉप गळून पडलेत याच्यावर. ॲक्सलला खाली फार लोंबू न देणारा जो रबरी पट्टा असतो तो पण बघा, तुटलेला असला तर उंचवट्यावरून उडाल्यावर शॉकचा हात टोकापर्यंत जाऊन आपटतो. पाट्यांचे यू-बोल्ट आणि त्याखालचे रबर पॅड पण बघा, पॅड सडले की यू-बोल्ट ढिले पडतात आणि ॲक्सल पाट्यावर चक्क सरकतो. नवीन पॅड बसवले असतील तर शे-दीडशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत आवळायचे, पॅड दबतात. आणि याच वेळी पाट्याचं पुढचं टोक जिथे बॉडीला लागतं तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. आत गेला तर सस्पेन्शन विसरा, आधी पत्राकाम. कडक स्प्रिंग आणि गंजलेली रोडस्टर ही जोडी फार वाईट, या गाडीला छत नाही, बॉडीचा सगळा ताठपणा सिलमध्ये (दरवाजाखालच्या पोकळ पत्र्यात) आहे, सिल गंजलेले असतील तर गाडी जॅकवर उचलल्यावर दरवाजाची फट बदलते. ही चाचणी फुकट आहे, आजच करा.

बुशबद्दल लोक फार भांडतात. माझं मत सांगतो, तुम्हाला पटेल न पटेल. पुढच्या लोअर आर्मला मूळ जे साधे रबर बुश असतात ते लवकर घासतात, त्यांच्या जागी एमजीबी जीटी व्ही८ ला होते तसे धातूच्या नळीला चिकटवलेले रबर बुश घातले की रस्त्यावरच्या गाडीचं काम झालं. स्टीअरिंग लगेच नेमकं लागतं आणि कुईकुई नाही. पॉलीयुरेथेन वाईट नाही, पण ते बसवताना सोबत जे सिलिकॉन ग्रीस येतं तेच भरपूर लावायचं, नाहीतर दोन पावसांत दरवाजासारखं करकरायला लागतं. पाट्याच्या पुढच्या डोळ्यात मात्र मी रबरच ठेवतो. का, तर वळणावर गाडी कलली की ॲक्सल तिरका होतो आणि पाट्याला थोडी पिळ बसते, रबर ती पिळ सोसतं, कडक बुश सोसत नाही, मग पाटाच अँटी-रोल बारसारखा वागायला लागतो आणि तो बार तुम्ही मागितलेलाच नसतो.

आणि एक चूक जी गॅरेजवाले पण करतात. चिकटवलेल्या रबर बुशचे नट गाडी लटकती असताना आवळायचे नाहीत. ढिले ठेवायचे, गाडी चाकांवर खाली आणायची, चार वेळा दाबून हलवून जागेवर बसू द्यायची, आत माणसाएवढं वजन ठेवायचं आणि मग आवळायचे. नाहीतर रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं, गाडी उंच बसते आणि वर्षभरात बुश फाटतात. मग बुशची कंपनी बेकार म्हणून शिव्या.

आता लिव्हर आर्म शॉक, ज्यांना सगळे नावं ठेवतात. हा शॉक म्हणजे ओतीव धातूची एक डबी, आत तेल, पिस्टन आणि व्हॉल्व्ह, बाहेर एक हात. वरच्या बाजूला फिलर प्लग असतो. तो उघडण्याआधी आजूबाजूची माती ब्रशने आणि मग कापडाने अगदी स्वच्छ पुसा, कारण एक खडा आत गेला तर व्हॉल्व्हखाली जाऊन बसतो आणि खेळ खल्लास. प्लग काढा, एक स्वच्छ तार आत सोडा, वर काढून बघा. माझ्या त्या गाडीत तार कोरडी आली होती, टोकाला फक्त काळा चिकट गाळ. शॉकचं तेल भरायचं, इंजिन ऑइल नाही, ते गरम-थंड झालं की फार बदलतं आणि त्यात फेस होतो. मग लिंक सोडवून हात मोकळा करा आणि सावकाश वर-खाली करत राहा. सुरुवातीला मध्ये मध्ये पोकळ लागतं, हात एकदम सुटल्यासारखा पुढे जातो, प्लगच्या भोकातून बुडबुडे येतात, अजून तेल टाका, परत हलवा. दहा-पंधरा वेळा केल्यावर पोकळपणा जातो आणि हात मधात चमचा फिरवल्यासारखा जड पण एकसारखा चालतो, वर जातानाही आणि खाली येतानाही. तसा झाला तर शॉक जिवंत आहे. हात फिरवताना शाफ्टच्या कडेने तेल झिरपत असेल किंवा हात आडवा हलवल्यावर खडखडत असेल तर तो रिकंडिशनला द्या, नुसतं तेल भरून दोन महिने जातील फक्त. पुढच्या शॉकच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं, कारण तो वरचा विशबोन पण आहे, त्याच्या शाफ्टचा प्ले म्हणजे थेट कॅम्बरचा (चाक वरून आत-बाहेर कलण्याचा) प्ले, ब्रेक मारल्यावर चाक डोलणार.

नीट बनवलेले लिव्हर आर्म शॉक रस्त्यावरच्या गाडीला पुरतात. टेलिस्कोपिक कन्व्हर्जनला माझा विरोध नाही, चांगले ॲडजस्टेबल शॉक मिळतात, बदलायला सोपे, पण तीन गोष्टी बघितल्याशिवाय ते लावायचे नाहीत. पहिली, नव्या ब्रॅकेटचा जोर बॉडीच्या कुठल्या पत्र्यावर येतोय, कारण मूळ डिझाइनमध्ये तिथे जोर येणारच नव्हता. दुसरी आणि सगळ्यात मोठी, शॉकची पूर्ण मिटलेली आणि पूर्ण उघडलेली लांबी. स्प्रिंग काढून चाक हाताने अगदी वर बंप स्टॉपपर्यंत आणि अगदी खालपर्यंत न्या आणि शॉकच्या दोन्ही टोकांमधलं अंतर मोजा. शॉक आधी मिटला आणि बंप स्टॉप नंतर लागला तर तो शॉकच बंप स्टॉप झाला, तो आतून फुटणार किंवा ब्रॅकेट उपटणार. तिसरी, पुढच्या बऱ्याच किटमध्ये जुना लिव्हर आर्म फक्त वरचा विशबोन म्हणून तसाच ठेवतात, आतला व्हॉल्व्ह काढून. म्हणजे त्याच्या शाफ्टचा प्ले होता तसाच राहिला! नवा शॉक लावला तरी चाक डोलतंच आणि मालक चक्रावतो.

ॲडजस्टेबल शॉक असले की लोक नॉब पूर्ण कडक करून फिरतात. एका नॉबच्या बहुतेक शॉकमध्ये मुख्यतः रिबाउंड बदलतो, म्हणजे स्प्रिंग परत उलगडतानाचा विरोध. तो फार वाढवला तर लागोपाठच्या खड्ड्यांत स्प्रिंगला परत उलगडायला वेळच मिळत नाही, गाडी प्रत्येक खड्ड्याला थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर चालते. सगळ्यात मऊ सेटिंगपासून सुरू करा, एकच रस्ता ठरवा, एक एक खाच वाढवत जा आणि गाडी उंचवट्यानंतर दुसऱ्यांदा डुलायची थांबली की तिथेच थांबा. आणि हे पण लक्षात ठेवा की शॉक फक्त हालचालीचा वेग आवरतो, लांब वळणात गाडी एकसारखी कलून राहिलीय तेव्हा तिथे शॉकचा काही संबंध नाही, ते स्प्रिंग आणि बारचं काम.

एवढं सगळं झालं की अलाइनमेंट. एमजीबीचा टो-इन (पुढची चाकं पुढून किती आत वळलेली ते) १/१६ ते ३/३२ इंच, म्हणजे दीड ते सव्वादोन मिमी. कॅस्टर (किंगपिन वरून मागे किती झुकलाय ते) मूळ ७ अंश आणि कॅम्बर १ अंश पॉझिटिव्ह (वरून बाहेर), हे रेडियलच्या आधीच्या क्रॉसप्लाय टायरच्या जमान्यातलं. रेडियलला थोडा निगेटिव्ह (वरून आत) आवडतो, ऑफसेट बुश किंवा बदललेले आर्म वापरून अर्धा-एक अंश निगेटिव्ह केला तर पुढची पकड चांगली वाढते आणि माझ्या मते या गाडीवर करण्यासारखा सगळ्यात चांगला बदल हाच, पण याच्याबद्दल कोणी बोलत नाही कारण तो डोळ्याला दिसत नाही. स्टीअरिंग फार जड वाटत असेल तर क्रॉसमेंबरखाली पाचर घालून कॅस्टर थोडा कमी करतात, पण मग सरळ रस्त्यावर स्टीअरिंगचं स्वतःहून मध्यावर येणं कमी होतं. हवंय का ते बघा.

मग महिना-दोन महिने गाडी चालवा. खरंच. बहुतेक जण इथेच थांबतात.

अजून कलतेच असं वाटलं तर आता पुढचा अँटी-रोल बार. बार किती ताठ हे त्याच्या जाडीच्या चौथ्या घातावर ठरतं. ९/१६ इंचाचा मूळ बार काढून ३/४ चा टाकला तर जाडी एक तृतीयांशच वाढली पण ताठपणा तिपटीहून जास्त झाला, ७/८ चा टाकला तर जवळजवळ सहापट. आकडे ऐकायला छोटे वाटतात म्हणून लोक सगळ्यात जाड उचलतात. एमजीबीला ५/८ किंवा फार तर ३/४, त्यापुढे गाडी वळायचं नाव घेत नाही, पुढून घसरत जाते, आणि एका चाकाखाली उंचवटा आला की दोन्ही चाकं उचलली जातात. मागचा बार मी शेवटी शेवटी बघतो, साध्या डिफरन्शियलवर मागे जाड बार म्हणजे वळणातून बाहेर पडताना आतलं चाक हलकं होऊन नुसतं फिरतं.

आणि कललेली गाडी म्हणजे पकड गेलेली गाडी हा गैरसमज डोक्यातून काढा. वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती वजन जातं हे गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर (ट्रॅक) यावर ठरतं, स्प्रिंग कडक की मऊ यावर जवळजवळ नाहीच. समजा गाडी १००० किलोची, गुरुत्वमध्य ५०० मिमीवर, ट्रॅक १२५० मिमी आणि वळण ०.७ जी चं. सरकलेलं वजन २८० किलो. गाडी एक इंच खाली आणली तर २६६. पाच टक्के! त्यासाठी तुम्ही काय दिलंत तर बंप ट्रॅव्हल (चाकाला वर जायची जागा). समजा बंप स्टॉपपर्यंत तीन इंच होते, त्यातला एक गेला, एक तृतीयांश. म्हणून उरलेल्या दोन इंचांत भागवायला स्प्रिंग कडक करावी लागते, त्या कडक स्प्रिंगला आवरायला शॉक कडक, आणि असं करत करत गाडी बैलगाडी होते.

स्प्रिंग किती कडक याचा एक सोपा अंदाज देतो. गाडीच्या वजनाने चाकाशी सस्पेन्शन एकूण जेवढं दबतं त्यावरून तिची डुलण्याची गती निघते. साधारण २५ सेंमी दबत असेल तर सेकंदाला एक डोल, ११ सेंमी असेल तर दीड, ६ सेंमी असेल तर दोन. आरामदार फॅमिली गाडी एकच्या आसपास, रस्त्यावरची जुनी स्पोर्ट्स कार दीडच्या अलीकडे-पलीकडे छान, दोनच्या पुढे गेलात की ती ट्रॅकची गाडी, पाठीचे मणके तुमचे. आणि मागची गती पुढच्यापेक्षा थोडी जास्त ठेवायची, कारण उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागची चाकं उशिरा डुलायला लागतात पण भरभर डुलून पुढच्यांना गाठतात, मग गाडी घोड्यासारखी पुढे-मागे न झुलता सपाट हलते. हे मॉरिस ओलीने १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये काम करताना शोधलं आणि आजही चालतं. दुसऱ्या गाडीच्या स्प्रिंगचा आकडा बघून आपली स्प्रिंग निवडू नका, स्प्रिंग आर्मच्या साधारण निम्म्यावर बसत असेल तर चाकापाशी तिचा चौथा भागच कडकपणा पोचतो, प्रत्येक गाडीत हे वेगळं.

स्प्रिंग कापू नका. आठ वेढ्यांतला एक कापला तर स्प्रिंग १४ टक्के कडक होते ते वेगळंच, पण कापलेलं टोक पॅनमध्ये (स्प्रिंगच्या खालच्या वाटीत) नीट बसत नाही. आणि गॅसने तापवून बसवणारे अजून आहेत, त्यांना लांबूनच नमस्कार. मागे पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये उंचीचे ठोकळे घालून लोअर करणं चालतं पण अर्ध्या-पाऊण इंचापर्यंतच, त्यापुढे ॲक्सलची पिळ वाढते आणि जोरात निघताना मागची चाकं थडथड उडतात. पुढची स्प्रिंग काढताना पॅनच्या भोकांतून लांब आटेवाले रॉड घालून समान समान सोडवत आणा. त्या स्प्रिंगमध्ये साठलेला जोर पायाचं हाड मोडायला पुरेसा आहे.

लोअर केलीच तर बंप स्टीअर (चाक वर-खाली होताना आपोआप वळणं) मोजा. स्प्रिंग काढून आर्म परत जोडा, स्टीअरिंग मधोमध बांधून ठेवा, हबला एक सरळ फळी बोल्ट करा, तिच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला पेन्सिल, समोर उभा पुठ्ठा, आणि चाक जॅकने एक एक सेंमी वर नेत दोन्ही टोकांचं अंतर लिहीत जा. दोन्ही आकडे सोबत बदलले तर ठीक, एक वाढतोय आणि दुसरा तसाच तर चाक वर जाताना स्वतःच वळतंय, म्हणजे रॅक आणि आर्मचे कोन जुळत नाहीत. अर्धा दिवस जातो पण नंतरची पाच वर्षं शांत जातात. आणि बंप स्टॉपवर मुलांची खेळायची चिकणमाती थापून नेहमीच्या रस्त्यावर एक फेरी मारा, परत आल्यावर माती किती चपटी झाली ते सांगते की तुमच्याकडे किती ट्रॅव्हल शिल्लक आहे. याहून स्वस्त डेटा लॉगर मी पाहिला नाही.

बाकीच्या गाड्यांचं पटकन, कारण वाचणाऱ्यांत सगळेच एमजीबीवाले नसतात. डॅटसन २४०झेड सारख्या मॅकफर्सन स्ट्रटच्या (शॉक आणि स्प्रिंग एकाच खांबात असलेल्या) गाडीत लोअरिंग जास्त घातक, खालचे आर्म आडव्याच्या वर चढले की रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गाडीपेक्षा जास्त खाली जातं आणि गाडी कमी नाही, जास्त कलायला लागते, मग स्ट्रटच्या तळाशी, बॉल जॉइंटच्या वर स्पेसर घालून कोन परत आणावा लागतो. ट्रायम्फ स्पिटफायरच्या मागच्या स्विंग ॲक्सलचं दुखणं कंपनीनेच १९७० च्या मार्क फोरला पाट्याची मांडणी बदलून आणि पुढे जाड बार देऊन बरं केलं, त्याआधीच्या गाडीला मागे अँटी-रोल बार लावू नका, प्लीज. टॉर्शन बारवाल्या (पिळल्यावर स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळईच्या) पोर्श ९११ ची मागची उंची दातांवरून लावतात, आतल्या टोकाला ४० दात, बाहेरच्या टोकाला ४४, एक दात इकडे एक तिकडे केला की फरक एक अंशापेक्षाही कमी पडतो, फार सुंदर युक्ती आहे पण वही-पेन घेऊन बसा. आणि लोटस एलान, जी एमजीबीच्याच साली १९६२ ला आली, तिच्या स्प्रिंग बघून लोक हसतात इतक्या मऊ आहेत, आणि तिच्या हँडलिंगची अजून उदाहरणं देतात. ट्रॅव्हल भरपूर, वजन कमी आणि शॉक बरोबर, म्हणून.

तर आता तुम्ही एवढं करा: टायरची तारीख बघा, चारही शॉकचे प्लग उघडून तार घाला, ब्रेक दाबून चाक हलवा, आणि मागच्या शॉकच्या लिंकचे रबर बघा. चारही कोपऱ्यांवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहा, टाकी अर्धी भरलेली आणि सपाट जमिनीवर. डावी-उजवी बाजू अर्ध्या इंचाने वेगळी निघाली तर पाटा बसलाय, मग पाटे जोडीनेच बदलायचे. हे आकडे इथे टाका, त्याच्यावरून बार ५/८ चा लागेल की लागणारच नाही ते सांगतो.